२०१७चा लॅपटॉप: एक्स्चेंजमध्ये द्यावा की एसएसडी घालून वापरावा?

पाटीपेन्सिल
आठवड्याभरात ठरवायचे आहे, म्हणून सगळे तपशील एकदम देते.

मशीन १५.६ इंची, प्रोसेसर आय५-७२००यू, ४ जीबी डीडीआर४ रॅमची एकच पट्टी, शेजारचा स्लॉट रिकामा. १ टीबीची ५४०० आरपीएम हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह. एम.२ एसएसडीला (चिपवर साठवणाऱ्या वेगवान डिस्कच्या छोट्या पट्टीला) जागा नाही. विंडोज १० होम सिंगल लँग्वेज, २२एच२. बॅटरी खालून खटका सरकवून निघणारी, पूर्ण चार्जवर पाऊण तास. डावी बिजागरी घट्ट झाली आहे, झाकण उघडताना तिथे कडेला फट पडते.

वापर: ब्राउझरचे १०-१२ टॅब, एक्सेल, मराठी टायपिंग, जीएसटी रिटर्न आणि संध्याकाळी मुलीचा ऑनलाइन क्लास. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. तक्रार एकच, बटण दाबल्यापासून हातात यायला ७-८ मिनिटे लागतात आणि मग दिवसभर अडखळत चालतो.

भाव असे: एका साइटवर नवा लॅपटॉप ४९,९९०, त्यातून एक्स्चेंजचे ५,५०० वजा. तेच मॉडेल गावातल्या दुकानात एक्स्चेंजशिवाय ४६,४९०. दुरुस्तीवाल्याचा अंदाज: ५०० जीबी सॅटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी) ४,३००, ८ जीबी रॅम ४,८००, बॅटरी २,४००, मजुरी विंडोजसह ८००. एकूण १२,३००.

काय करावे?

जमाखर्च
आधी एक्स्चेंजचा खरा भाव काढा. ४९,९९० वजा ५,५०० म्हणजे ४४,४९०. दुकानात तोच लॅपटॉप ४६,४९०. म्हणजे तुमच्या जुन्या मशीनला प्रत्यक्षात २,००० रुपये मिळत आहेत. बाकीचे ३,५०० नव्याच्या किमतीत आधीच चढवलेले आहेत. एक्स्चेंजची तुलना नेहमी "एक्स्चेंज न करता सगळ्यात स्वस्त कुठे मिळतो" या आकड्याशी करायची, साइटवर खोडून दाखवलेल्या किमतीशी नाही.

शिवाय ते ५,५०० पक्के नाहीत. घ्यायला येणारा माणूस दारात मशीन तपासतो आणि बिजागरी, स्क्रीनवरचे डाग, बॅटरी, मूळ चार्जर यांवरून भाव उतरवतो. तुमची फट फोटोत झाकली तरी तिथे दिसणारच. आणि एक्स्चेंज रद्द झाले तर नव्या लॅपटॉपचे पूर्ण पैसे भरावे लागतात, हे ऑर्डर देण्याआधी अटींत वाचून घ्या.

सोल्डरगन
खर्चाचे बोलण्याआधी नेमके काय संथ आहे ते बघा, नाहीतर चुकीच्या भागावर पैसे जातील.

मशीन चालू करून १५ मिनिटे रोजचे काम सुरू ठेवा. मग टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर चार आकडे टिपून घ्या. पहिला डिस्कचा अॅक्टिव्ह टाइम आणि त्याच वेळचा वाचन-लेखनाचा वेग. १०० टक्के व्यस्त पण वेग जेमतेम १-२ एमबी असेल तर डिस्कचे डोके सगळीकडे विखुरलेले छोटे तुकडे वेचत फिरते आहे. ५४०० आरपीएमची डिस्क सलग फाइल १०० एमबीच्या आसपास वाचते, पण विखुरलेले ४ केबीचे तुकडे वाचताना सेकंदाला १ एमबीही गाठणे तिला जड जाते. विंडोज सुरू होताना आणि अपडेट घेताना नेमके असेच वाचन असते.

दुसरा आकडा मेमरी किती भरली तो. तिसरा प्रोसेसरची टक्केवारी. चौथा प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्झमध्ये, आणि हा लोक बघतच नाहीत. काम चालू असतानाही वेग ०.४ ते ०.८ वर अडकून राहिला तर दोष डिस्कचा नाही. पंख्यात धूळ साचून मशीन तापते आहे, किंवा चार्जरच्या मधल्या पिनमधून ओळख पटत नाही म्हणून बोर्डाने वेग दाबून ठेवला आहे. अशा मशीनमध्ये एसएसडी घातली तरी रडगाणे तसेच राहते.

सोबत क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत सांगणारा प्रोग्रॅम चालवून ०५, सी५ आणि सी६ या खराब जागांच्या तीन ओळी बघा. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट. जो अहवाल तयार होतो त्यातली डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी इथे द्या.

बिनतारी
विंडोजची बाजू मांडतो, कारण या मशीनचे आयुष्य तिथे अडते.

७२००यू हा सातव्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज ११च्या यादीत इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे आहेत, सातव्यातले अगदी मोजके. ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय तुमच्या बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) पीटीटी नावाने सापडेल, पण नुसते टीपीएम असून भागत नाही. रूफससारख्या साधनाने तपासणी वगळून ११ चढवता येते आणि ते चालतेही. मात्र मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, ती पुन्हा त्याच वाटेने हाताने चढवावी लागते. ज्या मशीनवर जीएसटी आणि बँक चालते तिथे मी हे सुचवणार नाही.

विंडोज १०चा आधार (म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. अट अशी की आवृत्ती २२एच२ हवी, ती तुमची आहेच, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन हवे. सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. त्यासाठी वनड्राइव्हची ५ जीबी मोफत जागा पुरते, फक्त डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचे फोल्डर त्यात जाऊ देऊ नका, नाहीतर जागा भरल्याच्या सूचना येत राहतात. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचाही आधार त्याच १४ ऑक्टोबरला संपला, तेव्हा एक्सेल कोणते आहे तेही बघा.

थोडक्यात, विंडोजवर राहायचे तर या मशीनची मुदत आत्ताच कळलेली आहे. लिनक्स मिंट २२ला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट आहेत आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात व्यवस्थित चालते. अडचण येते ती डिजिटल सही साठवणाऱ्या यूएसबी टोकनाची.

खिळाजुळारी
मराठी टायपिंग नेमके कशात करता? यावर बरेच अवलंबून आहे. युनिकोडमध्ये करत असाल तर प्रश्न नाही, कुठलेही मशीन घ्या. पण श्री-लिपी या फॉन्टच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती, ती चालायला लावावे लागणारे यूएसबी लॉक आणि पेजमेकर असा संच असेल तर नव्या लॅपटॉपवर लॉकचा ड्रायव्हर बसतो का, हे विकत घेण्याआधी तपासा. विंडोज ११ फक्त ६४ बिटचे आहे. १६ बिटचे जुने इन्स्टॉलर त्यात चालत नाहीत, आणि जुन्या लॉकचे विनासहीचे ड्रायव्हर अडवले जातात.

जुन्या फॉन्टमधला मजकूर मशीन चालू आहे तोवर युनिकोडमध्ये बदलून ठेवा. बदलल्यावर रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी नजरेखालून घाला, चुका तिथेच होतात. फॉन्टच्या मूळ फाइलींची प्रतही घ्या. नव्या मशीनवर जुनी फाइल उघडली आणि फॉन्ट नसला तर पानभर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो.

जमाखर्च
जीएसटीचा मुद्दा राहिला. तुम्ही नोंदणीकृत असाल आणि लॅपटॉप व्यवसायासाठी असेल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर घालून घ्या. ४६,४९० मध्ये १८ टक्क्यांप्रमाणे सुमारे ७,०९० कर आहे, त्याचे क्रेडिट मिळू शकते. दोन अटी: तुम्ही कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर ठोक दराने कर) नसावे, आणि कराची रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरून तिच्यावर घसारा घेतलेला नसावा. जुना लॅपटॉप घेताना क्रेडिट घेतले असेल तर तो देतानाही कर लागू होतो, हिशेबनीसाला विचारा. ऑनलाइन घेताना "व्यवसायासाठी" हा पर्याय ऑर्डरच्या वेळीच निवडावा लागतो, नंतर बिल बदलून देत नाहीत.

डिजिटल सहीबद्दल: तुमचा धंदा एकल मालकीचा असेल तर जीएसटी रिटर्नवर ओटीपीने सही चालते, टोकन लागतेच असे नाही. कंपनी आणि एलएलपीला टोकन सक्तीचे. आणि सर्टिफिकेट टोकनात असते, लॅपटॉपमध्ये नाही, त्यामुळे मशीन बदलले तरी ते बाद होत नाही. नव्या मशीनवर फक्त ड्रायव्हर आणि सहीची युटिलिटी घालायची.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. आकडे असे आले.

डिस्क १०० टक्के, वेग १.८ एमबी, प्रतिसादाचा वेळ ४०० मिलिसेकंदांच्या वर. मेमरी ३.९ पैकी ३.५ जीबी. प्रोसेसर १५-२० टक्के, वेग २.६ गिगाहर्ट्झ. क्रिस्टलडिस्कइन्फोत पिवळे "कॉशन", सी५ समोर शेवटी १० लिहिले आहे, ०५ आणि सी६ शून्य. बॅटरी ४१,४०० पैकी १७,९०० मिलिवॅट-अवर.

टायपिंग युनिकोडमध्येच करते. एकल मालकी आहे, ओटीपीने रिटर्न भरते. ऑफिस २०१९.

सोल्डरगन
चित्र स्पष्ट आहे. प्रोसेसर मोकळा बसला आहे, डिस्क दमली आहे, रॅम तोकडी आहे. रॅम कमी पडली की विंडोज जास्तीचा माल डिस्कवर ठेवते, म्हणजे दमलेल्या डिस्कवर आणखी बोजा.

पण घाईचा विषय सी५ आहे. हा प्रोग्रॅम तो आकडा सोळाच्या पद्धतीने दाखवतो, म्हणून १० म्हणजे १६. डिस्कवरच्या १६ जागा अशा आहेत की ज्या वाचता आल्या नाहीत आणि अजून बदललेल्या नाहीत. अशी डिस्क महिनाभर चालेल किंवा आज संध्याकाळी बसेल. म्हणून नवा-जुना काहीही ठरो, आज बॅकअप. क्रमही सांगतो: आधी हिशेबाच्या फाइली, मग डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो, ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड. छोटी महत्त्वाची फोल्डर आधी, अख्खी डिस्क एकदम ओढू नका. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर ती सोडून पुढे जा. चेकडिस्क कॉपी संपेपर्यंत चालवू नका, ती पूर्ण डिस्क घासून वाचते आणि कमकुवत डिस्क त्यातच दगावते.

या डिस्कचे क्लोनिंगही (एसएसडीवर जशीच्या तशी नक्कल) करू नये. वाईट जागेवर येऊन प्रोग्रॅम थांबतो, किंवा तुटकी फाइल तशीच नव्या डिस्कवर उतरते आणि पुढे महिनोन् महिने विंडोज कारणाशिवाय बिघडत राहते. कोरे इन्स्टॉलेशन करा. ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तयार करा. तुमच्या विंडोजची किल्ली बोर्डाच्या बायोसमध्ये आहे, त्यामुळे इन्स्टॉलर होम सिंगल लँग्वेज स्वतःच उचलतो आणि इंटरनेट जोडताच अॅक्टिव्हेट होतो. दुरुस्तीवाल्याने "प्रो टाकून देतो" म्हटले तर स्पष्ट नको सांगा. तुमचा परवाना होमचा आहे, प्रो चोरीचे बसेल आणि अपडेटचे वांधे होतील.

डिस्क बदलण्याची पद्धत अशी. चार्जर काढा, बॅटरी काढा, पॉवरचे बटण १५-२० सेकंद दाबून धरा. तळाचे स्क्रू काढताना कागदावर तळाचा आकार काढून ज्या त्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूडच्या जागी बसला तर वरच्या बाजूला हाताखालच्या प्लास्टिकला फोड येतो. डीव्हीडी ड्राइव्ह एका स्क्रूवर असते, ती सरकवून काढली की तिच्या पोकळीत आणखी दोन-तीन बारीक स्क्रू दिसतात, ते विसरून झाकण ओढले की क्लिपा तुटतात. ज्या मशीनमध्ये कीबोर्ड वरून काढावा लागतो तिथे त्याची रिबन केबल ओढायची नाही, आधी काळी पट्टी नखाने वर करायची. जुन्या डिस्कची धातूची चौकट काढून नव्या एसएसडीला लावायची. एसएसडी ७ मिमी जाडीची असते, ती बसते.

इन्स्टॉल करताना मशीनमध्ये जुनी डिस्क अजिबात ठेवू नका. ठेवली तर बूटचा छोटा भाग तिच्यावरच राहतो आणि पुढे ती काढली की एसएसडीवरून विंडोज सुरू होत नाही. बायोसमध्ये बूटची पद्धत यूईएफआय आणि डिस्कची एएचसीआय आहे ना, हे विंडोज घालण्याआधी बघा.

दीपमाळ
मी नवा घेण्याच्या बाजूने. हिशेब फक्त एसएसडीचा का करता? या मशीनच्या प्रोसेसरला दोनच कोर (काम करणारे भाग) आहेत, बॅटरी अर्ध्याच्या खाली गेली, बिजागरी तुटायच्या बेतात आहे आणि सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६मध्ये संपतात. १२,३०० रुपये म्हणजे नव्याच्या पाव किमतीहून जास्त, तेही एका मर्यादित मुदतीसाठी. मुलीचा क्लास चालू असताना ब्राउझर आणि एक्सेल उघडले की दोन कोर भरतात. तो त्रास एसएसडीने जात नाही.

सोल्डरगन
१२,३०० नको, यात सहमत. पण पूर्ण नकोही नाही. माझी कसोटी अशी: पुढच्या मशीनबरोबर जे जाईल त्यावरच खर्च करा.

एसएसडी जाते. नवा लॅपटॉप आला की हीच एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते, ४,३०० वाया जात नाहीत. बॅटरी फक्त याच मशीनची, ती घेऊ नका. तुमची पाऊण तास चालते, वीज गेल्यावर फाइल जतन करून क्लास मोबाइलवर नेण्याइतका वेळ त्यात मिळतो. आणि ८ जीबीची नवी पट्टीही नको. तिचे गणित लॅमिंग्टन_रोड सांगतील.

दोन कोरांबद्दल: ७२००यूमध्ये एचईव्हीसी आणि व्हीपी९ या प्रकारांत दाबलेला व्हिडिओ उलगडणारे सर्किट आहे, म्हणून क्लासचा व्हिडिओ प्रोसेसरवर फार पडत नाही. एव्ही१ या नव्या प्रकारासाठी मात्र ते नाही, इंटेलमध्ये ते अकराव्या पिढीपासून आले. यूट्यूबच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये एव्ही१ फक्त एसडीसाठी (कमी बारकाव्याच्या चित्रासाठी) निवडा, पंखा शांत होईल. क्लास चालू असताना एक्सेलची मोठी फाइल उघडली तर अडखळणार, हे दीपमाळ यांचे म्हणणे बरोबर आहे.

लॅमिंग्टन_रोड
रॅमचे भाव २०२५च्या शेवटी झपाट्याने चढले. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी क्षमता एआयच्या सर्व्हरकडे वळवली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. एसएसडीही त्याच ओढ्यात महागल्या. त्यामुळे कालचा भाव आज नसतो, दुकानदाराने सांगितलेला भाव त्याच दिवसापुरता धरा.

तुम्हाला ८ जीबीची नवी पट्टी नकोच, वापरलेली ४ जीबीची घ्या. लोक ४ जीबी काढून ८ किंवा १६ घालतात, म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात सुट्या भागांच्या दुकानांत काढलेल्या ४ जीबीच्या पट्ट्या मिळतात, नव्या ८ जीबीच्या कितीतरी कमी पैशांत. ४ अधिक ४ असे ८ होतात आणि दोन्ही सारख्या असल्याने दोन मार्गांनी एकदम वाचन होते. या लॅपटॉपचे ग्राफिक्स रॅममधूनच चालते, त्याला याचा फायदा मिळतो. ४ अधिक ८ केले तरी चालते, पण मग फक्त पहिले ८ जीबी दोन मार्गांनी चालतात आणि उरलेले ४ एकाच.

लेबल वाचून घ्या. लॅपटॉपची डीडीआर४ पट्टी २६० पिनांची, १.२ व्होल्टची. जुनी डीडीआर३एल २०४ पिनांची, १.३५ व्होल्टची, ती खाचेतच बसत नाही, जोर लावू नका. पट्टीवर वेग २४०० किंवा ३२०० लिहिलेला असले तरी चालेल, तुमचा प्रोसेसर तिला २१३३वर चालवेल. पट्टी तिरकी ३० अंशांत घालून खाली दाबायची, दोन्ही बाजूंचे पत्रे एकदम खटकन लागले पाहिजेत. सोनेरी कड दिसत राहिली तर बसलेली नाही. घरी आल्यावर मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची एक पूर्ण फेरी, एकही चूक आली तर परत. दुकानदाराकडून बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या.

पाटीपेन्सिल
म्हणजे एसएसडी आणि ४ जीबीची पट्टी. बिजागरीचे काय? आणि ऑक्टोबरनंतर नवा घ्यायचाच तर कशावर लक्ष ठेवू? रिफर्बिश्डबद्दलही (वापरलेले, दुरुस्त करून विकलेले) ऐकते आहे.

सोल्डरगन
बिजागरी आत्ताच करून घ्या, मशीन एसएसडीसाठी उघडलेले असेलच. आतले ग्रीस वाळले की बिजागरी आवळते. मग झाकण उघडायचा सगळा जोर प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांवर येतो आणि ते उपटून निघतात. तुमची फट म्हणजे एखादा नट सुटला आहे. बऱ्याच मशीनमध्ये स्क्रीनची केबल त्याच बिजागरीतून जाते, ती कापली गेली तर खर्च वाढेल. उपाय असा: बिजागरीचा मुख्य नट पाव फेरा सैल करायचा, निघालेले पितळी नट जागी ठेवून दोन ट्यूबांच्या इपॉक्सीने बसवायचे, २४ तास झाकण हलवायचे नाही. सुपरग्लू लावू देऊ नका, तो ठिसूळ होतो. तोवर झाकण कोपऱ्याला धरून नको, वर मध्यभागी धरून उघडा.

त्याच वेळी पंखा साफ करून प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलून घ्या.

दीपमाळ
नव्यात काय बघायचे ते लिहितो, कारण ४५-५० हजारांत नावावर जाऊन फसायला होते.

रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये, हा पहिला प्रश्न. एलपीडीडीआर५ लिहिले असेल तर ती कायमची. ८ जीबी कायमची असेल तर सोडून द्या, १६ असेल तर विचार करा. एक स्लॉट मोकळा असेल तर सर्वांत उत्तम.

प्रोसेसरचे आकडे नीट वाचा. रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा पिढी सांगतो: ७५२०यू हा झेन २ रचनेचा, म्हणजे नवा दिसणारा जुना, चार कोर. ७५३०यू हा झेन ३, सहा कोर. दोन्हींवर "रायझन ५" लिहिलेले असते. इंटेलमध्ये आय३-एन३०५ आणि एन१०० यांत ताकदवान कोर नसतात आणि रॅमला एकच मार्ग असतो. आय३-१२१५यूत दोन ताकदवान आणि चार बारके कोर आहेत, तुमच्या कामाला तो एन३०५हून बरा. आय५-१२३५यू किंवा १३३४यू मिळाला तर पाच-सहा वर्षे निश्चिंत.

स्क्रीनसमोर "४५ टक्के एनटीएससी" लिहिले असेल तर रंग फिके, फोटो पाहणाऱ्याला खटकतात, टायपिंगला चालते. आणि "ऑफिस मोफत" म्हणजे वर्षभराची वर्गणी आहे की कायमचा परवाना, हे बिलाआधी विचारा.

लॅमिंग्टन_रोड
रिफर्बिश्ड घ्यायचे तर कंपन्यांतून भाडेपट्टा संपून आलेली लेनोव्होचे थिंकपॅड टी४८० किंवा डेलच्या लॅटिट्यूडच्या ५४९०, ७४९० वर्गातली मशीन बघा. प्रोसेसर आठव्या पिढीचा असेल तर विंडोज ११ त्यांवर रीतसर चालते, काहींत सातव्या पिढीचाही असतो. त्यांतल्या आय५-८२५०यूला चार कोर, आठ थ्रेड आहेत, म्हणजे तुमच्या आत्ताच्या दुप्पट. टी४८०मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, तुमच्या दोन्ही ४ जीबीच्या पट्ट्या तिथे जशाच्या तशा बसतील आणि सॅटा एसएसडीसुद्धा लागू पडेल, फक्त त्या मशीनमध्ये अडीच इंची डिस्कची केबल आणि चौकट आहे ना ते बघा.

घेताना दुकानातच तीन गोष्टी करा. बायोसमध्ये जा, पासवर्ड मागितला तर घेऊ नका. तिथेच अॅब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस चालू आहे का बघा, चालू असेल तर मशीन मूळ कंपनीच्या नजरेखाली आहे. मग विंडोज पूर्ण रीसेट करून मोबाइलच्या इंटरनेटला जोडा. सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचे नाव आणि लॉगिन आले तर ते मशीन त्या कंपनीच्या नोंदीतून सोडवलेले नाही, ते पुन्हा पुन्हा तिथेच अडकेल. टी४८०मध्ये थंडरबोल्टचे (यूएसबी-सी पोर्ट चालवणाऱ्या चिपचे) फर्मवेअर अद्ययावत आहे का तेही तपासा, जुन्या फर्मवेअरवर यूएसबी-सी पोर्ट बंद पडतो. बिल अनुक्रमांकासह हवे.

बिनतारी
रिफर्बिश्डचा मुद्दा पटला. तुमच्या कामाला मीही नव्यापेक्षा आठव्या पिढीचे बिझनेस मशीन सुचवीन, १६ जीबी करून. घाई नाही, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत भाव बघत राहा. पण वाढीव अपडेटची नोंदणी नवे विंडोज घातल्या घातल्या करा, ती आपोआप होत नाही. ऑफिस २०१९ पुन्हा घालताना ते कोणत्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेले आहे ते जुनी डिस्क काढण्याआधी बघून लिहून ठेवा.

पाटीपेन्सिल
ठरवले. एक्स्चेंज रद्द. एसएसडी, ४ जीबीची वापरलेली पट्टी, बिजागरी आणि पंखा इतकेच. बॅकअप आज सुरू केला, हिशेबाच्या फाइली निघाल्या, फोटोंच्या एका फोल्डरवर अडकते आहे. जुनी १ टीबी डिस्क काढल्यावर डीव्हीडीच्या जागी कॅडीत (त्या आकाराच्या चौकटीत) घालून साठवणीला वापरू का? आणि पुढे मशीन द्यायची वेळ आली तर माहिती कशी पुसायची?

सोल्डरगन
अडकलेले फोल्डर अर्धे-अर्धे करून कॉपी करा, म्हणजे नेमकी कोणती फाइल वाचली जात नाही ते सापडते. बाकी सगळे निघाले की शेवटी त्या फाइलसाठी एकदा प्रयत्न करा.

सी५ दाखवणारी डिस्क साठवणीला वापरू नका, कॅडीतही नको. वाईट जागा वाढत जातात, आणि विंडोज तिला वाचायची वाट बघत अख्खे मशीन अडवून धरते. एसएसडी लावूनही संथच वाटते अशी तक्रार येते तिथे कॅडीतली जुनी डिस्क बऱ्याचदा कारण असते. पुढे चांगली डिस्क मिळाली तर कॅडी घ्या, आधी डीव्हीडी ड्राइव्हची जाडी मोजा, ९.५ आणि १२.७ मिमी अशा दोन येतात. एसएसडी मुख्य जागेतच ठेवायची.

पुसण्याचे दोन मार्ग. एसएसडी असलेले मशीन देताना बायोसमध्ये सिक्योर इरेज असेल तर ते वापरा. नसेल तर विंडोजच्या रीसेटमध्ये "सगळे काढा" आणि त्यापुढे "ड्राइव्ह स्वच्छ करा" हा पर्याय चालू करा. नुसते क्विक फॉरमॅट केल्याने फाइली जातातच असे नाही. त्याआधी मायक्रोसॉफ्ट आणि गूगल खात्यांतून ते उपकरण काढून टाका.

या खराब हार्ड डिस्कवर पूर्ण ओव्हरराइट चालेलच असे नाही, वाईट जागांवर लेखन पोचत नाही. तिच्यावर जीएसटीची आणि बँकेची कागदपत्रे होती, तेव्हा ती कुणाला देऊ नका. तबकड्या फोडून टाका. अडीच इंची डिस्कच्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात, म्हणून डिस्क जाड कापडी पिशवीत गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून हातोडी मारा, आतून काच खुळखुळली की झाले. उरलेला सांगाडा आणि पुढे कधी बॅटरी बदललीत तर जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात नको, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग त्याच दिवशी थांबवा आणि ती दाबून सपाट करायला जाऊ नका.